सीमेपार जाणाऱ्या विजेत गावाचा वाटा लिहा : ऊर्जा मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
ऊर्जा मंत्रालय, भारत सरकार,
श्रमशक्ती भवन, नवी दिल्ली.

प्रत : आंतरराष्ट्रीय सौर आघाडी, गुरुग्राम.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

धुळे जिल्ह्यातल्या एका ३३/११ केव्ही उपकेंद्रात यंत्रचालक म्हणून मी नोकरी केली. आता निवृत्त आहे आणि घरची शेती बघतो. थोडी कोरडवाहू आहे, थोडी विहिरीवरची. कच्छचे रण आणि थरचे वाळवंट इथली सौर आणि पवन वीज शेजारच्या देशांना द्यायची, त्यांची जलविद्युत आपण घ्यायची, पुढे समुद्रापलीकडे सौदीपर्यंत तार न्यायची, या सगळ्याची तयारी आपल्या मंत्रालयात सुरू आहे. हे काम व्हावे आणि लवकर व्हावे असे मला मनापासून वाटते. माझे मागणे एकच आहे. ज्या गावांच्या जमिनीवर ही वीज तयार होते आणि ज्यांच्या शेतावरून ती पुढे जाते, त्या गावांचा वाटा प्रत्येक करारात लिहिलेला असावा, आणि तो लिहिणे आपल्या नियमाने बंधनकारक असावे.

आधी हे काम का व्हावे ते सांगतो. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. ढाका ९० अंश रेखांशाच्या जरासे पूर्वेला आहे आणि कच्छमधले खावडा ७० अंशांच्या जरासे पश्चिमेला. म्हणजे ढाक्यात दिवेलागण होते तेव्हा खावड्याच्या पॅनेलांवर अजून तास-सव्वा तासाचे ऊन शिल्लक असते. ग्रीडसाठी, म्हणजे विजेच्या सामाईक जाळ्यासाठी, दिवसातली सगळ्यात अवघड वेळ हीच. उपकेंद्रात बसलेल्या माणसाला ती मीटरच्या काट्यावर दिसते. गावातले दिवे, टीव्ही, पिठाची गिरणी एका पाठोपाठ सुरू होतात आणि काटा चढत जातो. त्या तासाभरात पश्चिमेचे ऊन पूर्वेच्या घरात पोचले, तर तेवढा कोळसा जाळायचा वाचतो.

नेपाळचे गणित ऋतूंचे आहे. पावसाळ्यात तिथल्या नद्या भरून वाहतात तेव्हा त्यांच्याकडे वीज उरते. हिवाळ्यात पाणी आटले की त्यांनाच ती आपल्याकडून घ्यावी लागते, आणि त्याच दिवसांत राजस्थानचे आकाश निरभ्र असते. वारा पुन्हा वेगळा. जैसलमेरला काय आणि आमच्या साक्रीच्या पठारावर काय, तो खरा जोर पावसाळ्यात धरतो, ढगांमुळे सौर वीज कमी झालेली असते तेव्हा. एकाच्या अडचणीच्या वेळी दुसऱ्याची सुगी असते. सीमेपलीकडे तार नेण्याचे खरे कारण हे आहे. विकून पैसे मिळवणे त्यानंतर येते.

तांत्रिक अडचण आता फारशी उरलेली नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाच्या ग्रीडला जोडला गेला. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच ग्रीड, एकच फ्रिक्वेन्सी आहे. त्याच वर्षी बहरामपूर-भेरामारा मार्गाने बांगलादेशला ५०० मेगावॅट वीज जाऊ लागली आणि २०१८ मध्ये ती क्षमता दुप्पट झाली. भूतानच्या चुखा, ताला, मांगदेछू या जलविद्युत प्रकल्पांची वीज आपण वापरतो. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळशी दहा वर्षांत १०,००० मेगावॅटपर्यंत वीज घेण्याचा करार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेपाळची ४० मेगावॅट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात पोचली. ४० मेगावॅट म्हणजे फार नाही, पण तीन देशांनी मिळून केलेली ती पहिली देवाणघेवाण होती. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ‘एक सूर्य, एक जग, एक ग्रीड’ ही घोषणा झाली, तिच्याकडे जाणारा रस्ता अशा ४० मेगावॅटमधूनच जाणार आहे.

त्या रस्त्यावर आमचे धुळेही आहे, हे कदाचित आपल्या नकाशावर नुसता एक ठिपका असेल. धुळ्याच्या ७६५ केव्ही उपकेंद्रातून एक वाहिनी वडोदऱ्याकडे जाते, दुसरी औरंगाबादकडे. गुजरात आणि मध्य भारत यांच्यामध्ये आम्ही बसलो आहोत. पश्चिमेच्या वाळवंटात आज जी क्षमता उभी राहते आहे ती प्रचंड आहे. राजस्थानच्या भडला इथे २,२४५ मेगावॅट उभे आहेत. खावड्यात ७२,६०० हेक्टरांवर ३०,००० मेगावॅटचे उद्यान आकार घेते आहे. २०२५ मध्ये राजस्थानात वाहिन्या वेळेवर तयार न झाल्याने भर दुपारी तयार वीज बंद ठेवायची वेळ आली. म्हणून आता वाहिन्यांची घाई होणार आणि नवे मनोरे कोणाच्या तरी शेतात उभे राहणार. माझी काळजी इथून सुरू होते.

वाळवंटातली वीज परदेशी पाठवण्याचे स्वप्न आपण पहिल्यांदा बघत नाही. चेर्नोबिलच्या अपघातानंतर गेऱ्हार्ड क्नीस नावाच्या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने हिशेब मांडला की सहा तासांत जगातल्या वाळवंटांवर जेवढी सौर ऊर्जा पडते तेवढी माणसे वर्षभरात वापरत नाहीत. त्या विचारातून २००९ मध्ये ‘डेझर्टेक’ उभे राहिले. सहारातली वीज युरोपला न्यायची, २०५० पर्यंत युरोपची १५ टक्के गरज तिथून भागवायची, असा बेत होता. मोठमोठ्या कंपन्या सामील झाल्या आणि काही वर्षांतच एकेक करून बाहेर पडल्या. पॅनेल इतके स्वस्त झाले की युरोपला ती वीज घरीच परवडू लागली, हे एक कारण. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. उत्तर आफ्रिकेतली माणसे विचारू लागली की आमच्या वाळूवरची वीज समुद्रापलीकडे जाणार असेल तर आमच्या गावात दिवा कधी लागणार? त्यांचे समाधान होईल असे उत्तर त्या आराखड्यात नव्हते. पुढे मोरोक्कोने वारझाझातला ५८० मेगावॅटचा ‘नूर’ प्रकल्प आधी स्वतःच्या गरजेसाठी बांधला आणि तो उभा राहिला. तिथेही जमीन गावांच्या सामूहिक मालकीच्या चराऊ रानातूनच आली.

आमच्या खानदेशाला हा प्रश्न नवीन नाही. वीज वाटून घेण्याचा करार काय असतो ते आम्ही नर्मदेवर पाहिले आहे. सरदार सरोवराची १,४५० मेगावॅट क्षमता तीन राज्यांत वाटलेली आहे : मध्य प्रदेशला ५७ टक्के, महाराष्ट्राला २७, गुजरातला १६. महाराष्ट्राच्या त्या २७ टक्क्यांसाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावे बुडितात आली. सगळी आदिवासींची. वीज मुंबई-पुण्याच्या बाजूला गेली आणि धडगावचे कित्येक पाडे त्यानंतरही वर्षानुवर्षे अंधारात राहिले. तरीही त्या कराराकडे मी आदराने बघतो, आणि त्याचे कारण आपण समजून घ्यावे. १९७९ च्या नर्मदा लवादाने निवाड्यात लिहून ठेवले होते की जमीन जाईल त्याला जमीनच द्यायची, निदान २ हेक्टर आणि तीही सिंचनाखालची. अंमलबजावणीत काय झाले ते साऱ्या देशाला ठाऊक आहे. मात्र लिहिलेले होते, म्हणूनच मणिबेली आणि बुडितातल्या इतर गावांच्या लोकांना कागद हातात धरून न्यायालयात उभे राहता आले. पुनर्वसनाच्या वसाहती, मिळाल्या तेवढ्या, त्या कागदामुळे मिळाल्या. आजच्या सीमापार वीज करारांत असे एखादे वाक्य शोधायचे तर कुठे शोधायचे?

विखरण आपल्याला आठवत असेल. शिंदखेडा तालुक्यातले गाव, दोंडाईच्याजवळ. आधी औष्णिक प्रकल्पासाठी म्हणून तिथल्या जमिनी संपादित झाल्या, मग सौर प्रकल्प करायचे ठरले. तिथल्या ऐंशी ओलांडलेल्या एका शेतकऱ्याला आंब्याची झाडे असलेल्या ५ एकरांचे ४ लाखांच्या आसपास मिळाले. दाद मागत ते म्हातारपणी मुंबईला खेपा घालत राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांत दवाखान्यात त्यांचा जीव गेला. त्यांचे नाव महाराष्ट्राला पाठ आहे, म्हणून इथे लिहीत नाही. ऊन स्वच्छ असते आणि त्यातून होणारी वीजही स्वच्छ असते. पण ती जमीन ज्या रीतीने घेतली गेली त्या रीतीबद्दल हे म्हणता येणार नाही.

साक्री तालुक्यात या उलटही पाहायला मिळते. शिवाजीनगरचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला, जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून. तेव्हा तो देशातल्या मोठ्या प्रकल्पांपैकी एक होता. ब्राह्मणवेल, छडवेल, निजामपूर या पट्ट्यात पवनचक्क्या इतक्या आहेत की रात्री त्यांच्या लाल दिव्यांची रांग नजर पोचेल तिथपर्यंत दिसते. म्हणजे जी वीज आज आपण वाळवंटात शोधतो आहोत ती या दुष्काळी पट्ट्याने आधीच देऊन दाखवली आहे. पोरांना सुरक्षारक्षकाच्या, वायरमनच्या नोकऱ्या लागल्या, काहींना जमिनीचे बरे पैसे आले, हे खरे आहे. वनजमिनीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तिथे मात्र वनहक्काचे दावे अडकलेल्या आदिवासींना मोर्चेच काढावे लागले.

आणि खाली, त्याच पवनचक्क्यांच्या पायथ्याशी, शेतीची वीज रात्रीची. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, असे शेती फिडरचे, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वाहिनीचे, वेळापत्रक असते. मी स्वतः ते ब्रेकर बंद-चालू केले आहेत. रात्री फिडर चालू केला की अर्ध्या शिवारात बॅटऱ्या हलताना दिसतात. माणसे साप-विंचवातून, काही भागांत बिबट्याच्या भीतीत, कापसाला आणि केळीला पाणी द्यायला निघालेली असतात. एका म्हातारीने उपकेंद्राच्या फाटकाशी येऊन मला विचारले होते, “भाऊ, आमले दिनले लाईट कव्हय भेटी?” दिवसा सूर्य तळपत असताना, डोळ्यांसमोर पॅनेलांचे रान असताना हा प्रश्न विचारावा लागतो. ढाक्याला संध्याकाळी वीज मिळावी असे मला वाटते तेव्हा त्या म्हातारीलाही ती दिवसा मिळावी असे वाटते, आणि या दोन इच्छा एकमेकींच्या आड येत नाहीत. भर दुपारी वाळवंटात वीज जास्त होते म्हणून बंद ठेवावी लागते, तेव्हाच शेतीचे पंप चालायला हवेत.

वाळवंटातली जमीन रिकामी असते असे दिल्लीत बसून वाटते. आमच्याकडे काठेवाडी गुरेवाले आपले कळप घेऊन येतात, आमचे ठेलारी मेंढपाळ मेंढरे घेऊन दूरवर जातात. या लोकांशी दोन घटका बोलले तर कळते की नकाशावर ओसाड दाखवलेल्या प्रत्येक माळावर कोणाची तरी जनावरे कधीतरी चरतात. जैसलमेरची ओरणे ही देवाच्या नावाने राखलेली चराऊ राने आहेत, आणि ती वाचवण्यासाठी तिथले लोक झटत आहेत. माळढोक पक्षी तारांना धडकून मरतात, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला, मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पक्ष्यासाठी निदान समिती झाली. मेंढपाळाच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे भरपाईच्या यादीत त्याचे नाव कुठेच येत नाही.

मी नवीन काही मागत नाही, सगळे कुठे ना कुठे आधीपासून आहे. आमच्याकडे जमीन बटाईने देतात. निम्मे बटाईत मालक जमीन देतो, करणारा राबतो, आणि पीक आले की दर हंगामाला वाटणी होते. जमीन दिली म्हणून एकदाच पैसे देऊन मालकाला शिवारातून कायमचे उठवायची रीत बटाईत नाही. सरकारलाही ही समज आहे. जलविद्युत प्रकल्पांत त्या राज्याला १२ टक्के वीज मोफत मिळते, आणि २००८ च्या जलविद्युत धोरणाने आणखी १ टक्का स्थानिक विकास निधीसाठी ठेवला. म्हणजे नदी अडवली तर तिथल्या लोकांचा वाटा निघतो. ऊन आणि वारा घेतला तर देशभर लागू असा वाटा नाही. का नाही? पाणी एका गावाचे आणि ऊन सगळ्यांचे असे कोणी म्हणेल, पण ऊन जमिनीवर पडते आणि ती जमीन कोणाची तरी असते.

दुसरा दाखला महाराष्ट्राचाच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमीन भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे, त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे प्रत्येकी ५ लाख. जमीन मालकाच्या नावावरच राहते आणि वीज शेती फिडरला दिवसा मिळते. या योजनेतही कामे रखडतात, हे मला माहीत आहे. पण तिचा सांगाडा बरोबर आहे. पाच-दहा मेगावॅटच्या प्रकल्पाला जे भाडे परवडते ते हजारो मेगावॅटच्या, परदेशी करार असलेल्या प्रकल्पाला परवडणार नाही, हे पटत नाही.

हिशेब करून दाखवतो. वाळवंटातला १,००० मेगावॅटचा सौर प्रकल्प २५ टक्के क्षमतेने चालला तर वर्षाला २१९ कोटी युनिट वीज तयार करतो. युनिटचा दर अडीच रुपये धरला तर त्याचा १ टक्का म्हणजे अडीच पैसे. तेवढे जरी गावांसाठी बाजूला काढले तरी वर्षाला साधारण साडेपाच कोटी रुपये होतात. ढाक्याच्या किंवा काठमांडूच्या ग्राहकाला अडीच पैसे जाणवणारसुद्धा नाहीत. पाच-सहा ग्रामपंचायतींना मात्र एवढ्यात दवाखाना चालवता येईल, आणि मेंढपाळांच्या चाऱ्यापाण्याची सोयही होईल.

वाहिन्यांबद्दल थोडे. मनोरे अजूनपर्यंत १८८५ च्या तार कायद्यातून आलेल्या अधिकाराने उभे राहत आले. शेतकऱ्याची परवानगी विचारायची गरज नव्हती. जून २०२४ मध्ये आपल्याच मंत्रालयाने मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के भरपाई सांगितली, हे चांगलेच केले. पण तारांखालच्या पट्ट्यात उंच झाड लावता येत नाही आणि घर बांधता येत नाही. ही बंधने पिढ्यान्‌पिढ्या राहणार आणि भरपाई मात्र एकदाच मिळणार. सीमापार वाहिन्यांसाठी तरी वार्षिक भाडे सुरू करून बघा.

नियम बदलायला वेळ लागतो असे कृपया सांगू नका. झारखंडच्या गोड्ड्यातला १,६०० मेगावॅटचा कोळसा प्रकल्प केवळ बांगलादेशसाठी बांधलेला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तापालट झाला आणि त्याच महिन्यात आपण सीमापार विजेच्या मार्गदर्शक सूचना बदलून अशा प्रकल्पाला वीज भारतात विकण्याची मोकळीक दिली. उत्पादकाची अडचण खरी होती, म्हणून महिन्याच्या आत सोय झाली. जमीन देणाऱ्यांची अडचण त्याहून जुनी आहे.

त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये एक कलम घाला. त्याचा मसुदा माझ्यासारख्याच्या शब्दांत असा : “भारताच्या हद्दीत तयार होणारी सौर वा पवन वीज सीमेपार देण्याच्या कोणत्याही कराराला मंजुरी देताना हे पाहिले जाईल की खासगी जमीन भाडेपट्ट्याने घेतली आहे आणि भाडे दरवर्षी वाढते आहे; सामूहिक वा चराऊ जमिनीसाठी ग्रामसभेचा ठराव झाला आहे; विक्रीच्या रकमेचा किमान १ टक्का त्या ग्रामपंचायतींच्या आणि चराईवर जगणाऱ्यांच्या निधीत दर महिन्याला जमा होतो; आणि प्रकल्पाच्या व वाहिनीच्या तालुक्यांतल्या शेती फिडरांना दिवसाची वीज मिळते.” कायदेशीर भाषा आपले अधिकारी नीट करतील. अर्थ तेवढा राहू द्या. अनुसूचित, म्हणजे आदिवासी, क्षेत्रातल्या गावांसाठी ग्रामसभेची अट १९९६ च्या पेसा आणि २००६ च्या वनहक्क कायद्यांच्या भावनेला धरूनच आहे.

सौर आघाडीला स्वतंत्र विनंती. तुमच्या सदस्य देशांपैकी कित्येक देश आफ्रिकेतले आहेत आणि उद्या त्यांच्याही वाळवंटांवर असे करार होतील. भारताने हे कलम आधी स्वतःच्या घरात लावले, तर नमुना करारात ते घालायला तुम्हाला संकोच वाटणार नाही.

या मसुद्यावर हरकती-सूचना मागवाल तेव्हा त्या संकेतस्थळावर इंग्रजीत टाकून एक महिन्यात बंद करू नका. मसुदा मराठीत, गुजरातीत, राजस्थानात हिंदीत छापून ग्रामपंचायतीत लावा. सुनावणी एकदा राजस्थानात भडल्याकडच्या फलोदीला घ्या, एकदा खावड्याच्या आसपासच्या गावात आणि एकदा विखरणला. विखरणला आलात तर धडगावच्या लोकांना बोलवायची जबाबदारी आम्ही इकडची माणसे घेतो. त्यांच्याकडे लवादाच्या निवाड्याच्या प्रती अजून आहेत.

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक,
जि. धुळे, खानदेश